तिसऱ्याची जागा : कुटुंबोपचारातील त्रिकोणाची पार्श्वभूमी

दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला त्यात ओढले जाते, हे निरीक्षण कुटुंबोपचाराहून जुने आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०८ मध्येच तिसरा माणूस मध्यस्थी करू शकतो, भांडणाचा लाभ उठवू शकतो किंवा मुद्दाम फूट पाडू शकतो, असे मांडले होते.

त्याला उपचाराचे रूप दिले ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मरे बोएन यांनी. १९५४ पासून तेथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत त्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांबरोबर आधी त्यांच्या आयांना आणि पुढे संपूर्ण कुटुंबांना रुग्णालयात राहायला आणले. आईवडिलांमधली अस्वस्थता मुलाच्या काळजीचे रूप घेते आणि त्यामुळे त्या दोघांना तात्पुरता दिलासा मिळतो, हे यातून स्पष्ट होत गेले. तीन माणसांचा असा त्रिकोण हीच नात्यांची सर्वांत लहान स्थिर रचना आहे, असा सिद्धांत त्यांनी मांडला. उपचारकही या त्रिकोणात ओढला जातो, हे त्यांनी ओळखले, आणि मला हीच त्यांची सर्वांत मोलाची देणगी वाटते. म्हणून पती-पत्नींनी एकमेकांशी वाद न घालता आळीपाळीने उपचारकाशी बोलावे, दुसऱ्याने ऐकावे, आणि उपचारकाने दोघांशी संपर्क राखूनही कोणाचीच बाजू घेऊ नये, अशी त्यांची पद्धत घडली.

कुटुंबोपचारक साल्वादोर मिनुचिन यांनी अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात नेमकी उलटी वाट धरली. आईवडिलांच्या मध्ये बसलेल्या मुलाची खुर्ची हलवून ते त्या दोघांना समोरासमोर बोलायला लावत, आणि जखडलेला समतोल मोडण्यासाठी काही काळ जाणीवपूर्वक एकाचीच बाजू घेत. एका पालकाने मुलाशी हातमिळवणी करून दुसऱ्याला एकटे पाडायचे आणि ती युती मात्र नाकारायची, या रचनेचे विश्लेषण अमेरिकी कुटुंबोपचारक जे हेली यांनी १९६७ मध्ये केले होते. मिलानमधील मानसोपचारतज्ज्ञ मारा सेल्विनी पालाझ्झोली यांच्या गटाने १९८० मध्ये मांडलेले तंत्र प्रश्नांचे होते : आई गप्प झाली की बाबा काय करतात, हे मुलीला विचारायचे.

या साऱ्या मांडणीत त्रिकोण म्हणजे बहुधा बिघाड. स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ फिवाझ-देपरसँज यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली. काही महिन्यांचे बाळही आई आणि वडील दोघांकडे आलटून-पालटून पाहत आपला आनंद पोहोचवते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसले. त्यांच्या निरीक्षण-खेळाचे चार भाग आहेत : एक पालक बाळाशी खेळतो, मग दुसरा, मग तिघे मिळून, आणि शेवटी आईवडील आपसांत बोलतात व बाळ त्यांच्याकडे पाहत राहते.