लीडचे राजकारण आणि निकालोत्तर दुभंग (सोलापूर)

चुरशीच्या निवडणुकीचा निकाल लागल्यावर गावागावांत आणि वस्त्यावस्त्यांत जी फूट उघडी पडते आणि पुढची निवडणूक येईपर्यंत धुमसत राहते, तिला निकालोत्तर दुभंग म्हणता येईल. सोलापूर जिल्ह्यात २०२४ मध्ये तो सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा दिसला. आधी लोकसभेनंतर, मग विधानसभेनंतर. दोन्ही वेळा त्याला आकार दिला तो केंद्रनिहाय मतमोजणीने आणि तिच्यातून निघणाऱ्या ‘लीड’ने, म्हणजे एका उमेदवाराला दुसऱ्यापेक्षा मिळालेल्या जास्तीच्या मतांनी. कोणत्या गावाने, कोणत्या गल्लीने कोणाला किती मते दिली हे निकालाच्या दिवशीच सगळ्यांना कळते, आणि भांडण तिथून सुरू होते.

४ जून २०२४ च्या निकालाने देशात कोणालाच निर्विवाद विजय दिला नाही. भाजप ३०३ वरून २४० वर आला. बहुमताच्या २७२ पासून तो दूर राहिला, तरी मित्रपक्षांच्या बळावर सत्तेत परतला. काँग्रेसला ९९ जागा मिळाल्या आणि हरूनही तिच्या कार्यकर्त्यांनी गुलाल उधळला. महाराष्ट्रात महाविकास आघाडीला ३० आणि महायुतीला १७ जागा मिळाल्या, पण दोघांच्या एकूण मतांत फरक अगदी किरकोळ होता. मुंबई वायव्य मतदारसंघाचा फैसला तर ४८ मतांवर झाला. आपण जिंकलो असे दोन्ही बाजूंना वाटत होते आणि आपला विजय समोरच्याने हिरावला असेही दोन्ही बाजूंना वाटत होते. अशा निकालानंतर हिशेब लवकर मिटत नाहीत.

सोलापूर हा २००९ पासून अनुसूचित जातींसाठी राखीव मतदारसंघ आहे. माजी मुख्यमंत्री आणि माजी केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे इथे २०१४ आणि २०१९ असे सलग दोनदा हरले. २०१९ मध्ये भाजपचे डॉ. जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी सुमारे १ लाख ५८ हजारांच्या फरकाने निवडून आले, तर वंचित बहुजन आघाडीकडून उभ्या राहिलेल्या प्रकाश आंबेडकरांना १ लाख ७० हजार मते पडली. हे दोन आकडे शेजारी ठेवून काढलेला निष्कर्ष पुढची पाच वर्षे शहरातल्या दलित आणि मुस्लिम वस्त्यांना ऐकून घ्यावा लागला : ‘तुमच्यामुळे पडले.’ आपल्या माणसाला मत देणे हा गुन्हा असल्यासारखे हे बोलणे होते, आणि ते अन्यायाचेच होते.

७ मे २०२४ च्या मतदानात चित्र पालटले. वंचितच्या उमेदवाराने माघार घेतली होती, एमआयएम रिंगणात नव्हती. सुशीलकुमारांच्या कन्या, काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना ६ लाख २० हजारांहून अधिक आणि भाजपचे राम सातपुते यांना ५ लाख ४६ हजार मते मिळाली. फरक ७४,१९७. डिसेंबर २०२३ पासूनची कांदा निर्यातबंदी मतदानाच्या तीनच दिवस आधी उठली होती. तोवर सोलापूर बाजार समितीत कांदा आणणाऱ्या शेतकऱ्याचे व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. मराठा आरक्षणाचे आंदोलन, ‘चारशे पार’च्या घोषणेने संविधानाबद्दल निर्माण झालेली धास्ती, उणे पातळीत गेलेले उजनी धरण आणि शहरात चार-पाच दिवसांआड येणारे पाणी हेही मुद्दे होतेच. ‘सोलापूरची लेक’ विरुद्ध ‘उपरा’ हा प्रचार त्यांच्या वरताण ठरला. मोहोळ आणि पंढरपूर-मंगळवेढा या ग्रामीण भागांनी काँग्रेसला मोठे लीड दिले, शहर उत्तरने भाजपला. शहर मध्य या स्वतःच्या विधानसभा मतदारसंघात मात्र प्रणिती शिंदे यांचे लीड नाममात्र राहिले.

असे लीड कळते कसे, हे मोजणीच्या टेबलावर पाहावे. रामवाडीच्या गोदामात जाळीच्या एका बाजूला कर्मचारी आणि दुसऱ्या बाजूला उमेदवारांचे प्रतिनिधी बसतात. केंद्राचा क्रमांक पुकारला जातो, मते साठवणाऱ्या कंट्रोल युनिटचे सील तपासले जाते, निकालाचे बटण दाबले की पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा येतो. कर्मचारी मशीन उचलून जाळीकडे वळवतो आणि पलीकडचे हात भराभर कागदावर आकडे उतरवून घेतात. केंद्राच्या मतांची नोंद असलेल्या फॉर्म १७ सी वर आकडे चढेपर्यंत ते गावात फोनने पोहोचलेलेही असतात. २०२४ मध्ये एका केंद्रावर साधारण हजार-दीड हजार मतदार असत. छोट्या गावात एकच केंद्र असते, म्हणजे त्या मशीनचा आकडा हा त्या गावाचा आकडा. मतपत्रिकांच्या काळात अनेक ठिकाणी केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजत, त्यामुळे गावाचे मत झाकलेले राहत असे. मतदान यंत्रांनी मोजणी सोपी आणि वेगवान केली, पण हे झाकण काढून टाकले. व्यक्तीचे मत गुप्त राहिले, गावाचे उघडे पडले.

याचे परिणाम ज्याला स्थानिक राजकारण ठाऊक आहे त्याला सांगायला नकोत. सरपंच, कारखान्याचा संचालक, माजी नगरसेवक, प्रत्येकाचे वजन त्याच्या गावाने दिलेल्या लीडवर ठरते. लीड घटले की ‘आतून कोणाचे काम केले?’ हा प्रश्न येतो. पाणंद रस्ता, सभामंडप, हायमास्ट दिवा यांचा निधी मागायला गेलेल्या गावाला आधी आकडा दाखवला जातो. शहरात याचे रूप अधिक कडवट होते. पूर्व भाग म्हटले की तेलुगू भाषक पद्मशाली, बाळीवेस म्हटले की लिंगायत, बुधवार पेठ म्हटले की दलित, नई जिंदगी म्हटले की मुस्लिम, असे वस्त्यांचे ठोकताळे मनात पक्के असतात आणि बूथचा आकडा लगेच जातीधर्माच्या खात्यावर जमा होतो. त्या वस्तीत वेगळे मत दिलेली शे-दोनशे माणसे हिशेबातच राहत नाहीत. लोकसभेनंतर राज्यभर मुस्लिमांच्या एकगठ्ठा मतांवर बोट ठेवणारा ‘व्होट जिहाद’ हा शब्द फिरवला गेला. त्याला आधार म्हणून धुळे लोकसभा मतदारसंघातल्या मालेगाव मध्यचे लीड पुढे केले जाई, कारण काँग्रेसचा धुळ्यातला एकूण विजय ३,८३१ मतांचाच होता. सोलापुरातही बोटे आकड्यांकडे दाखवूनच बोलणी होत.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत महायुतीने राज्यात २८८ पैकी २३० जागा घेतल्या. सोलापूर जिल्हा मात्र मधोमध फाटला. शहर उत्तर, शहर मध्य, दक्षिण, अक्कलकोट आणि पंढरपूर भाजपकडे गेले. माढा, करमाळा, मोहोळ, माळशिरस राष्ट्रवादी शरद पवार गटाकडे, बार्शी ठाकरेंच्या शिवसेनेकडे, सांगोला शेतकरी कामगार पक्षाकडे. जूनमध्ये काँग्रेसला खासदार देणाऱ्या सहा विधानसभा मतदारसंघांपैकी पाच भाजपने जिंकले. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये खात्यावर येऊ लागले होते आणि आघाडी आपसात भांडत होती. ‘दक्षिण’मध्ये ऐन मतदानाच्या दिवशी शिंदे पिता-कन्येने आघाडीच्या अधिकृत उमेदवाराला सोडून अपक्ष धर्मराज काडादींना पाठिंबा जाहीर केला. लोकसभेला काँग्रेसबरोबर असलेला माकप ‘शहर मध्य’मध्ये वेगळा लढला.

दुभंगाचे दुसरे रूप माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीत दिसले, आणि त्याकडे देशाचे लक्ष गेले. माळशिरसमध्ये उत्तमराव जानकर यांनी राम सातपुते यांना हरवले होते, पण मारकडवाडीत सातपुतेंना १,००३ आणि जानकरांना ८४३ मते दाखवली गेली. गाव जानकरांचे, मग लीड सातपुतेंना कसे, असे म्हणत जानकर समर्थक गावकऱ्यांनी ३ डिसेंबरला मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घ्यायचे ठरवले. मतपत्रिका छापल्या, मांडव घातला. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस गावात आले, गुन्हे नोंदवण्याचा इशारा दिला गेला आणि मतदान थांबवण्यात आले. तरी गुन्हे नोंदवले गेलेच. त्यानंतर शरद पवार गावात येऊन गेले आणि पाठोपाठ भाजपनेही तिथेच सभा घेतली. सातपुतेंना मत देणारे गावकरी पुढे येऊन सांगू लागले की आम्ही याच गावचे आहोत, आमची मते खोटी कशी? मशीनच्या आकड्यांवरून शेजारी एकमेकांना खोटे ठरवू लागले.

अशा गावकी फेरमतदानाला कायद्यात जागा नाही, आणि शेजारपाजाऱ्यांच्या डोळ्यांसमोर होणारे मतदान मोकळे राहत नाही. पण आपले मत मोजलेले दिसावे ही गावकऱ्याची मागणी हसण्यावारी नेण्यासारखी मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ च्या निकालात मतपत्रिकेकडे परतणे आणि सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत कोणाला गेले ते दाखवणाऱ्या छापील चिठ्ठ्या) मोजणे या दोन्ही मागण्या फेटाळल्या. प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजण्याची पद्धत कायम राहिली. दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला पैसे भरून पाच टक्के यंत्रांची तपासणी मागता येते, विजयी उमेदवाराला नाही. जानकर जिंकलेले असल्याने तो मार्ग त्यांना बंद होता, आणि मतदाराला तर तो कधीच नव्हता.

या सगळ्यावरून सोलापूर दोन कट्टर पक्षांत वाटले गेले आहे असे समजणे चुकीचे ठरेल. अकलूजच्या मोहिते-पाटील घराण्यात धैर्यशील शरद पवार गटाचे खासदार झाले तेव्हा रणजितसिंह भाजपचे विधान परिषद सदस्य होते. कुंभारीच्या रे नगरमध्ये असंघटित कामगारांच्या पंधरा हजार घरांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते वाटल्या गेल्या. त्या घरांसाठी वर्षानुवर्षे झगडले ते माकपचे नरसय्या आडम. इथला मतदार माणूस, गट, जात आणि पदरात पडलेले काम बघून मत फिरवतो. जून ते नोव्हेंबर एवढ्यात त्याने ते फिरवून दाखवले. टिकून राहतो तो वस्तीवर मारलेला शिक्का. त्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर पुढची जवळपास चार वर्षे प्रशासकाचा कारभार होता. त्यामुळे पाण्याची ओरड घेऊन जायला हक्काचा नगरसेवक नव्हता आणि सगळा राग आमदार-खासदारांच्या लीडवर निघत राहिला.

केंद्रांचे आकडे झाकण्याचा उपाय आयोगाच्या दप्तरी आहे. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारे टोटलायझर यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, आणि विधी आयोगाने २०१५ च्या २५५ व्या अहवालात त्याची शिफारस केली. केंद्र सरकारने ते मान्य केले नाही. केंद्रनिहाय आकड्यांमुळे गैरप्रकार पकडता येतो, हा त्याविरुद्धचा युक्तिवाद खोटा नाही. मारकडवाडीचा संशय बोलता आला तो त्या आकड्यांमुळेच. तरीही टोटलायझर यावा आणि त्याच्या जोडीला चिठ्ठ्यांची मोजणी पाच केंद्रांवरून बरीच वाढवावी. नुसते आकडे झाकले तर संशय वाढेल आणि नुसत्या चिठ्ठ्या मोजल्या तर वस्तीवरचा शिक्का तसाच राहील, म्हणून दोन्ही एकदमच व्हायला हवे.