गोठ्याचे संत अंतोनी आणि हरवलेल्याचे संत अंतोनी

आमच्या गोठ्याच्या चौकटीला आजीने लावलेले संत अंतोनींचे चित्र आहे: तपकिरी झगा, कडेवर बाळ येशू, हातात लिलीचे फूल. ढोरांना रोगराईपासून राखावे म्हणून तिने ते लावले होते. तिची श्रद्धा पूर्ण खरी होती, पण चित्र दुसऱ्या अंतोनींचे होते.

जनावरांसाठी ज्यांचा धावा केला जातो ते इजिप्तचे मठाधिपती अंतोनी. त्यांचा जन्म इ. स. २५१ च्या सुमाराचा. आईवडील वारल्यावर वाट्याला आलेली सुपीक जमीन गावकऱ्यांना देऊन ते वाळवंटात राहायला गेले आणि ३५६ मध्ये, परंपरेनुसार वयाच्या १०५ व्या वर्षी, वारले. चित्रात ते पांढऱ्या दाढीचे दिसतात. हाती आडव्या दांड्याची काठी आणि घंटा, पायाशी डुक्कर, कधी ज्वाळाही.

या ज्वाळांमागे एक भयंकर रोग आहे. युरोपात राय नावाच्या धान्याच्या कणसांवर अरगट ही बुरशी वाढे. ती दळणात गेली की खाणाऱ्याच्या हातापायांची आग होई, बोटे काळी पडून गळत. लोक त्याला ‘संत अंतोनींची आग’ म्हणत. आपल्याकडे ज्वारीवर पडणारा चिकटा त्याच कुळातील बुरशीमुळे होतो, म्हणून ही गोष्ट वावरात राबणाऱ्याला परकी वाटू नये. अकराव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये या संतांच्या नावाने एक सेवासंघ उभा राहिला. तेथे रुग्णांना चांगल्या धान्याची भाकर मिळे, त्यामुळेही अनेकांना उतार पडत असावा असे मला वाटते. संघाची डुकरे गळ्यात घंटा बांधून गावभर मोकळी चरत आणि त्यांची चरबी मलमात वापरली जाई. चित्रातील डुक्कर आणि घंटा यांचा संबंध याच्याशी जोडतात. इटलीत आजही नागीण या रोगाला याच आगीचे नाव आहे.

आजीच्या चित्रातले ते पदुआचे (इटलीतील एक शहर) अंतोनी, सुमारे साडेआठशे वर्षांनंतरचे. ते ११९५ मध्ये लिस्बनला जन्मले, १२३१ च्या १३ जूनला वारले आणि वर्षाच्या आत संत घोषित झाले. त्यांचे स्तोत्रांचे पुस्तक मठातल्या एका नवशिक्या बंधूने नेले होते. ते प्रार्थनेनंतर परत आले, अशी कथा आहे. हरवलेल्या वस्तूंसाठी त्यांना आळवतात ते त्यावरूनच.

घोटाळ्याचे मूळही येथेच सापडते. पदुआच्या संतांचे मूळ नाव फर्नांदो. १२२० मध्ये ते संत फ्रान्सिसच्या अनुयायांच्या फ्रान्सिस्कन संघात आले तेव्हा पोर्तुगालमधील कोइंब्राजवळचा तो छोटा मठ इजिप्तच्या अंतोनींना वाहिलेला होता, आणि त्यांचेच नाव फर्नांदोंनी घेतले.

दोघांकडेही ‘आमच्यासाठी विनंती कर’ एवढेच मागायचे असते. राखणारा देवच, संत मध्यस्थ. त्यामुळे आजीची प्रार्थना वाया गेली असे मी मानत नाही.

मठाधिपतींचा सण १७ जानेवारीला, संक्रांतीच्या पाठोपाठ येतो. यंदा त्या दिवशी घंटा आणि डुक्कर असलेले चित्र गोठ्यात लावले. आजीचे चित्र मात्र काढले नाही, कारण उलंगवाडी होऊन, म्हणजे पिके निघून वावरे रिकामी झाल्यावर ढोरे मोकळी सुटतात आणि एखादी गाय दिवेलागणीपर्यंत परतत नाही.