कडीला धरलेला हात कुठून सुरू होतो?

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या स्मरणचित्रात रेल्वे फलाटाचा विषय आला की कागदावर एक ओळखीचा माणूस उभा राहतो. दोन्ही पायांवर सारखा भार, खांदे पट्टीनं आखलेले, हात अंगाला चिकटलेले. संध्याकाळी ठाणे स्टेशनात ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर असा माणूस शोधावा लागेल. तिथं कुणी एका पायावर रेललेलं असतं, कुणाचा खांदा बॅगेनं वर चढलेला असतो, कुणी मान खाली घालून फोनमध्ये बुडालेलं असतं.

चित्रातल्या ताठपणावर नेहमीचा सल्ला मिळतो, ‘ॲनाटॉमी पक्की कर.’ मग मुलं स्नायूंचा रंगीत तक्ता आणतात आणि नावं पाठ करायला लागतात. प्रौढ शरीरात २०६ हाडं आणि सहाशेहून जास्त स्नायू असतात, त्यामुळे पाठांतर दोनेक महिने चालतं आणि चित्र होतं तिथंच राहतं. तक्त्यावरचा माणूस तळवे पुढे करून सरळ उभा असतो. वैद्यकशास्त्रानं वर्णनाच्या सोयीसाठी ठरवलेली ती अवस्था आहे. तसं उभं राहून कुणी वाशी लोकलची वाट बघत नाही.

चित्रकाराला क्रम वेगळा लागतो. आधी कातडीखाली लगेच हाताला लागणारी हाडं, मग सांधे कसे फिरतात ते, आणि स्नायू सगळ्यांत शेवटी. स्नायू आणि चरबी माणसागणिक बदलतात. हाडाचे उंचवटे मात्र जाड्या माणसात आणि बारीक माणसात त्याच जागी असतात. फरक इतकाच, की बारीक माणसात तिथं टेंगूळ दिसतं आणि जाड्या माणसात पुष्कळदा खळगा.

हे बिंदू स्वतःच्या अंगावर दहा मिनिटांत सापडतात. गळ्याखालच्या खळीत बोट ठेवा. तिथून बाहेर निघणारं आडवं हाड म्हणजे कॉलरबोन. त्यावरून बोट फिरवत गेलात तर ते सरळ नाही हे कळेल: आतला मोठा भाग पुढे फुगलेला, बाहेरचा भाग मागे वळलेला. शेवटी खांद्याचं चपटं टोक लागतं. मान पुढे झुकवली की मानेच्या तळाशी मागे एक मणका ठळक वर येतो. मानेच्या सातांपैकी तो शेवटचा. कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं की बोटांखाली पुढे दोन टोकं लागतात, ती कमरेच्या हाडाची. मांडीच्या बाहेरच्या बाजूला वरती मांडीच्या हाडाचा उंचवटा, मग गुडघ्याची वाटी, नडगीची आतली सपाट बाजू, दोन्ही घोटे. हातावर कोपराचं टोक आणि मनगटाला करंगळीच्या बाजूचा गोल उंचवटा. एवढ्या शिदोरीवर पहिले तीन महिने सहज निघतात.

प्रमाणांवर फार वेळ घालवू नये. सर्वसाधारण प्रौढ माणूस स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट उंच असतो. शिकवताना आठ पट धरतात, कारण भाग सोपे पडतात. उंचीचा मध्य जांघांच्या बेचक्यापाशी येतो, नाभीपाशी नव्हे. नवजात बाळाचं डोकं मात्र लांबीच्या पाव असतं, म्हणून मोठ्या माणसाची लहान प्रत काढली की ते मूल वाटत नाही. आपल्या शिल्पशास्त्रात चेहऱ्याची लांबी एक ताल, म्हणजे १२ अंगुळे, धरतात आणि नवतालाची मूर्ती १०८ अंगुळे होते. पद्धत कोणतीही घ्या, माप शरीरातूनच घेतलेलं असतं. पेन्सिलीनं माप घेताना एक डोळा मिटून हात कोपरातून पूर्ण ताठ ठेवावा. कोपर जरा वाकलं तरी पेन्सिल डोळ्याजवळ येते आणि सगळं प्रमाण बिघडतं. गाडीत बसलेल्या माणसाचं माप लक्षात ठेवायला सोपं आहे: बाकापासून टाळूपर्यंत जवळपास चार डोकी.

आता लोकलमध्ये डोक्यावरच्या कडीला धरलेला हात. फिगर ड्रॉइंगमधली सगळ्यांत सार्वत्रिक चूक इथं होते, आणि ती चूक समजली तर निम्मी ॲनाटॉमी समजली.

चूक अशी: खांदा होता तिथंच ठेवायचा आणि दंड कंपासच्या पायासारखा वर फिरवायचा. हात चिकटवल्यासारखा दिसतो, मान लांब राहते, काखेचं काय करायचं ते कळत नाही. याचं कारण म्हणजे हात खांद्यापासून सुरू होतो हा समज. संपूर्ण हात धडाच्या सांगाड्याला हाडानं फक्त एका जागी जोडलेला आहे, गळ्याच्या खळीच्या बाजूला, जिथं कॉलरबोन छातीच्या मधल्या हाडाला भेटतं. पाठीवरचा खवाटा, म्हणजे खांद्यामागचं चपटं त्रिकोणी हाड, बरगड्यांना कुठंही सांध्यानं जोडलेला नाही. तो स्नायूंच्या आधारानं बरगड्यांवर सरकतो. म्हणून हात डोक्यावर नेताना दोन हालचाली एकत्र होतात. पूर्ण १८० अंशांपैकी साधारण १२० अंश खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले ६० खवाटा फिरल्यामुळे. सुरुवातीच्या तीसेक अंशांत खवाटा फारसा हलत नाही. पुढे मात्र सांध्याच्या दर दोन अंशांमागे तो सुमारे एक अंश फिरतो.

कागदावर याचा अर्थ काय? कडी धरलेल्या बाजूला कॉलरबोनचं बाहेरचं टोक वर चढतं, म्हणून खांद्यांची रेषा तिरपी होते. खांदा कानाजवळ येतो आणि त्या बाजूची मान आखूड दिसते. पाठमोऱ्या माणसात खवाट्याचा खालचा कोपरा बाहेर, काखेखाली सरकतो. पातळ शर्टातूनही तो फुगवटा दिसतो. छातीचा मोठा स्नायू हात खाली असताना दंडाजवळ पिळलेला असतो. हात वर गेला की पीळ उलगडतो आणि तो छातीपासून दंडापर्यंत सरळ ताणला जातो. काखेची पुढची भिंत तीच. मागची भिंत पाठीच्या रुंद स्नायूची. दोन भिंती काढल्या की मधला खळगा आपोआप तयार होतो, काळ्या छायेनं तो भरावा लागत नाही.

काढण्याचा क्रमही त्यावरूनच ठरतो. आधी गळ्याची खळी, मग दोन्ही कॉलरबोन त्यांच्या खऱ्या तिरपाईसह, मग खांद्याची टोकं, आणि त्यानंतर दंड. लिओनार्दो दा विंचीनं १५१०च्या सुमारास हाच खांदा एकाच पानावर थोडा थोडा फिरवत, अनेक बाजूंनी काढून पाहिला. व्हेसॅलियसनं १५४३ साली छापलेल्या शरीररचनेच्या ग्रंथातही कातडी उतरवलेली माणसं टेबलावर पडलेली नाहीत, निसर्गदृश्यात उभी आहेत. शवाचे स्नायू सैल पडतात, पाठ टेबलावर चपटी होते आणि भार कुठं पडतो ते दिसत नाही. त्यामुळे चित्रकाराला विच्छेदन बघायला मिळालं तरी फलाटावरचा अभ्यास टळत नाही.

फलाटावर उभ्या माणसाकडे बघताना पहिला प्रश्न: भार कुठल्या पायावर? ज्या पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर. मोकळ्या पायाची बाजू खाली, गुडघा सैल. धड त्या बाजूला कलंडू नये म्हणून कणा वळतो आणि खांद्यांची रेषा उलट झुकते. भाराच्या बाजूला बरगड्या आणि कंबर जवळ येतात, शर्टाला तिथंच वळ्या पडतात. दुसरी बाजू ताणलेली. गळ्याच्या खळीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायाच्या आतल्या घोट्याजवळ पडतो. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांनी व्यापलेल्या जागेच्या बाहेर गेला तर माणूस पडतो, चित्रातलाही. काढून झाल्यावर उभी रेघ मारून पाहावी. ओळंबा दोन पायांच्या मधोमध पडत असेल तर भार एका पायावर नाही, दोन्ही पायांवर आहे.

नेहमीची गडबड म्हणजे खांदे आणि कंबर एकाच बाजूला झुकवणं. दुसरी, दोन्ही रेषा बरोबर पण डोकं सरळ मध्यावर ठेवणं. याला अपवादही आहेत: जड सॅक एका खांद्याला असेल तर तो खांदा वर उचललेला असतो आणि धड विरुद्ध बाजूला कलतं, मग कंबरेशी असलेलं नातं बदलतं. नियम पाठ असला तरी आधी बघायचं.

मूर्तिकारांनी या उभं राहण्याचा कळस त्रिभंगात गाठला: मान, कंबर आणि गुडघा अशा तीन जागी मोड. त्यासाठी दूर जायला नको. उरणजवळच्या घारापुरी बेटावरच्या लेण्यांत नंदीवर हात टेकलेला अर्धनारीश्वर आहे. समोर स्केचबुक उघडून आधी फक्त कमरेची रेषा आणि खांद्यांची रेषा काढावी. दगड हलत नाही, आणि असं मॉडेल सहज मिळत नाही.

वळण्याबद्दलही एक गैरसमज आहे. इंडिकेटर बघायला माणूस मागे वळतो तेव्हा तो ‘कमरेतून वळला’ असं आपण म्हणतो. कमरेचे पाच मणके पुढे-मागे छान वाकतात, पण त्यांच्या सांध्यांची ठेवण अशी आहे की ते एकमेकांवर फारसे फिरत नाहीत. वळण्याचा मोठा वाटा छातीच्या बारा मणक्यांचा, त्याहून जास्त मानेचा, आणि पायांवर कंबरच फिरली तर मांडीच्या सांध्यांचा. म्हणून पीळ बेंबीच्या पट्ट्यात कोंबला की धड चिंधीसारखं दिसतं. तो बरगड्यांच्या उंचीवर पसरावा लागतो. वळलेला नसून नुसता वाकलेला माणूस काढताना मात्र छातीचा पिंजरा स्वतः कडक आहे हे धरून तो एक ठोकळा, कमरेचं हाड दुसरा ठोकळा, आणि मध्ये फक्त काही बोटांची लवचीक जागा, असा विचार केला तर काम सोपं होतं.

फोन धरलेल्या हातासाठी एक प्रयोग. डाव्या कोपराच्या टोकावर उजवं बोट ठेवा आणि तिथून मनगटाच्या करंगळीच्या बाजूपर्यंत हाडाची कड चाचपा, हे अल्ना. आता डावा तळवा पालथा-उताणा करा. अल्ना जवळपास जागेवर राहतं, अंगठ्याच्या बाजूचं रेडियस त्याच्याभोवती फिरून त्याला ओलांडतं. तळवा पालथा असताना मनगटाच्या मागे करंगळीकडचा उंचवटा उठून दिसतो, उताणा केला की लपतो. कोपर ते मनगट दोन समांतर रेघांत काढणाऱ्यांचा हात लाकडी दिसतो तो यामुळेच. आणखी एक: बोटांमध्ये ती वाकवणारे स्नायू नसतातच. ते तळव्यात आणि कोपर ते मनगट या भागात असतात, बोटांत येतात त्या फक्त कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या. त्यामुळे बोटं मांसल वळ्यांनी न भरता सांध्यांच्या टप्प्यांनी काढावीत. मागून बोट लांब दिसतं, तळव्याकडून आखूड, कारण पुढची कातडी बोटाच्या पहिल्या हाडाच्या बऱ्याच वरपर्यंत जोडलेली असते.

त्याच फोनवाल्याचं डोकं खाली झुकलेलं असतं. समोर बघणाऱ्या चेहऱ्यात डोळे डोक्याच्या उंचीच्या निम्म्यावर असतात (नवशिके ते वर नेतात, कपाळ संपतं). डोकं झुकलं की टाळूचा भाग मोठा होतो, चेहरा खाली दाटतो आणि कान डोळ्यांपेक्षा वर चढलेले दिसतात. कान जुन्या जागी ठेवले तर डोकं झुकलेलं न वाटता चेहराच बुटका वाटतो.

पायांचं गणित थोडक्यात: पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर, आतला खाली, घोट्यांचं उलट, आतला वर, बाहेरचा खाली. एवढं तिरपं ठेवलं तरी पाय खांबासारखे दिसायचे थांबतात.

सरावाला ठाणे ते वाशी साधारण अर्ध्या तासाचा प्रवास पुरेसा आहे. ए-५ वही आणि बॉलपेन घ्यावं. खोडरबर असलं की तीस सेकंदांतली दहा खोडण्यात जातात. तीस सेकंदांत फक्त खांद्यांची रेषा, कमरेची रेषा आणि ओळंबा. दोन मिनिटं मिळाली तर छातीचा आणि कमरेचा ठोकळा, सांध्यांचे बिंदू. स्नायू घरी, तक्ता समोर ठेवून, त्या बिंदूंना जोडत. आणि लोकांकडे टक लावून बघू नये. पाठमोरे प्रवासी निवडले तर संकोच टळतो, शिवाय खवाटा नीट दिसतो.

रविवारी मासळीबाजारात एक फेरी मारावी, ठाण्यात चेंदणी कोळीवाड्याकडे किंवा बेलापूरला दिवाळे गावात. लोकलमध्ये न दिसणारी एक बैठक तिथं सापडते: मासळी विकणाऱ्या बाईचं उकिडवं बसणं. मांडी आणि नडगी लांबीनं फारशा वेगळ्या नसतात, म्हणून टाचेपासून गुडघा जितका वर, जवळपास तितकंच कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंतचं अंतर धरावं. टाचा जमिनीवर टेकलेल्या असतील तर गुडघे बोटांच्या पुढे गेलेले असतात, आणि पोटरी मांडीखाली दबून बाजूला फुगते. कमरेचं हाड मागे कलतं, त्यामुळे पाठीचा खालचा बाक नाहीसा होऊन पाठ एका कमानीत येते. कुल्ले टाचांच्या मागे असल्यामुळे डोकं, खांदे आणि पुढे केलेले हात त्यांचा तोल सांभाळतात. पाठ ताठ काढली तर बाई मागे पडेल. नऊवारीचा काष्टा असेल तर गुडघ्यापासून कापडाच्या चुण्या दोन दिशांना निघतात, एक जांघेकडे, एक पोटरीमागे. आधी गुडघा ठेवावा, मगच चुण्या काढाव्यात.