स्वस्त झालेलं आणि स्वस्त ठेवलेलं

इंदूरात हल्ली कुठल्याही मराठी घरी चहाला बसलं की कोणीतरी म्हणतंच, टेक्नॉलॉजीने सगळं किती स्वस्त केलं ना! आणि मग एका दमात उदाहरणं, एलईडी बल्ब, मोबाईलचा डेटा, ॲपवरची टॅक्सी, दहा मिनिटांत दारात येणारी कोथिंबीर. माझी तक्रार एवढीच की हे चारही एका माळेत ओवू नका. यातला बल्ब खरोखर स्वस्त झालाय, टॅक्सी आणि कोथिंबीर कोणीतरी पदरचे पैसे घालून स्वस्त ठेवली होती, आणि डेटाचं प्रकरण अर्धं-अर्धं आहे. बिल भरताना फरक अजिबात कळत नाही, सगळी गोम तिथेच आहे.

आधी बल्ब घ्या. २०१४ च्या सुरुवातीला ईईएसएल या सरकारी कंपनीने ठोक खरेदी केली तेव्हा एक एलईडी बल्ब ३१० रुपयांना पडला होता, २०१६ मध्ये त्याच कंपनीला तो ३८ रुपयांत मिळायला लागला. चिप जगभर स्वस्त होत होती, ऑर्डर कोटींच्या होत्या आणि निविदेत कंपन्या एकमेकींच्या उरावर बसून भाव पाडत होत्या. सौर विजेचं तसंच. २०१० च्या लिलावात सगळ्यात कमी बोलीसुद्धा युनिटला दहा रुपयांच्या वर होती आणि २०१७ मध्ये आपल्याच मध्य प्रदेशात रीवाच्या ७५० मेगावॉटच्या प्रकल्पाला पहिल्या वर्षाचा दर लागला २ रुपये ९७ पैसे, त्यातली काही वीज दिल्लीची मेट्रो घेते. पॅनेलचा एक ढोबळ नियमच सांगतात की जगात एकूण माल दुप्पट झाला की भाव साधारण २० टक्के उतरतो. कारण दर वेळी कारखान्यात काहीतरी खरंच सुधारतं, सिलिकॉनची चकती पातळ होते, वाया कमी जातं, तेवढ्याच काचेतून जास्त वीज निघते. चीनच्या सरकारने यात भरपूर पैसा ओतला हे मान्य, आणि या कंपन्या काही धर्मशाळा काढून बसलेल्या नाहीत, त्यांनाही नफाच हवाय. पण इथे बनवायचाच खर्च उतरला, म्हणून भाव उतरला.

आता टॅक्सी. यात नवीन काय होतं? नकाशा, जीपीएस आणि जवळचा ड्रायव्हर शोधून देणारा प्रोग्राम. उपयोगी आहे, रिकामी गाडी फिरणं कमी होतं, नाही कोण म्हणतंय. पण मोबाईलमध्ये नकाशा आला म्हणून पेट्रोल स्वस्त होत नाही हो, टायर, गाडीचा हप्ता, इन्शुरन्स, ड्रायव्हरचा दिवस, सगळं तेवढ्यालाच पडतं. मग इंदूरात विजयनगरहून राजवाड्यापर्यंत रिक्षापेक्षा कमी पैशात एसी गाडी कशी काय येत होती? उत्तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलंय. मेरू कॅब्स या टॅक्सी कंपनीने उबरविरुद्ध तक्रार केली होती, त्यात दिल्ली भागात उबर प्रत्येक ट्रिपमागे २०४ रुपये तोटा सोसते असा आकडा होता, आणि २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तोच आकडा धरून म्हटलं की बाजारातल्या स्पर्धकाला बाहेर काढण्याशिवाय याला दुसरा आर्थिक अर्थ दिसत नाही, चौकशी होऊ द्या. म्हणजे भाड्यातला एक भाग प्रवासी देत होता आणि उरलेलं कुठल्यातरी परदेशी फंडातून येत होतं. याला डिसरप्शन म्हणायचं, आमच्या किराणावाल्या काकांनी केलं असतं तर दिवाळं म्हटलं असतं.

पुढची गंमत बघा. २०२१ मध्ये कॉम्पिटिशन कमिशनने, म्हणजे बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या सरकारी आयोगाने, ते प्रकरण बंद केलं, कारण ओलाही मैदानात होती, त्यामुळे उबरचं बाजारावर एकटीचं वर्चस्व आहे असं काही ठरेना. कायद्याप्रमाणे तोट्यात विकून दुसऱ्याला मारणं हा गुन्हा ठरायला आधी तुमचं वर्चस्व पाहिजे. आता तोट्यात विकतातच मुळी ते वर्चस्व मिळवायला, ते मिळालं की तोट्यात विकायची गरजच उरत नाही, मग पकडणार कोणाला आणि कधी! बरं, हे काही लपूनछपून नव्हतं. २०१९ मध्येच शेअर बाजारात येताना उबरने स्वतःच्या कागदपत्रांत लिहिलं होतं की आपण कदाचित कधीच नफ्यात येणार नाही. आणि २०२३ मध्ये कामकाजातून वर्षभराचा नफा पहिल्यांदा दिसला. तोपर्यंत कूपनं कमी झाली होती, गर्दीच्या वेळचे भाव लोकांच्या अंगवळणी पडले होते आणि कंपनीच्या इन्सेंटिव्हच्या भरवशावर हप्त्याने गाड्या काढलेले ड्रायव्हर हिशोब लावत बसले होते.

खाण्याच्या ॲपचंही तेच, त्यावर फार बोलत नाही. झोमॅटोने ऑगस्ट २०२३ मध्ये ऑर्डरमागे २ रुपये प्लॅटफॉर्म फी लावली, पुढच्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती १० झाली. रोजच्या वीस लाख ऑर्डर धरल्या तरी वरचे आठ रुपये म्हणजे दिवसाला १ कोटी ६० लाख. या आठ रुपयांमागे कुठला शोध लागला ते कोणी दाखवून द्यावं, इंदूरच्या छप्पन दुकानवर माझ्याकडून पोहे-जलेबी.

फुकट किंवा स्वस्त दिलं म्हणजे लगेच लबाडी, असं मात्र नाही. आपली मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा तिकीट नव्हतं, अख्खं गाव सेल्फी काढायला गेलं. ते उघड उघड सांगून फुकट होतं, त्याला कोणी इनोव्हेशन म्हणालं नाही. यूपीआयवर दुकानदाराला कट द्यावा लागत नाही तेही सरकारने २०२० पासून तो शून्य ठेवलाय म्हणून, थोडी भरपाई बजेटमधून आणि बाकी बँकांच्या माथी. पैसे कोणीतरी भरतंय, फक्त कोण भरतंय ते आपल्याला माहीत आहे.

राहिला डेटा, आणि इथे दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्यात की भले भले फसतात. जिओ ५ सप्टेंबर २०१६ ला आली आणि मार्च २०१७ पर्यंत सगळं फुकट, हा भाग सरळ सरळ ठेवलेल्या स्वस्ताईचा. एअरटेलने तक्रार केली तर जून २०१७ मध्ये कमिशनचं उत्तर तेच, नवीन कंपनीचं कसलं वर्चस्व. पुढे एअरसेल बुडाली, टेलिनॉर आणि टाटाची मोबाईल सेवा एअरटेलमध्ये गेली, व्होडाफोन-आयडिया एक झाले, आणि मग डिसेंबर २०१९, २०२१ चा शेवट, जुलै २०२४ असे एकामागून एक रिचार्ज वाढले. पण तरीसुद्धा एक जीबीला अडीचशे रुपये मोजायचे ते दिवस परत आले नाहीत. कारण ४जी मध्ये तेवढ्याच लहरींतून कितीतरी जास्त डेटा जातो आणि बोलणंही डेटा म्हणूनच जातं, त्यामुळे जिओला जुनं वेगळं जाळं सांभाळावं लागलं नाही, हा भाग खरा झालेला.

म्हणून कोणी स्वस्ताईचं कौतुक सांगायला लागलं की मी एकच बघतो, वरून पैसे ओतणं थांबल्यावर भाव कुठे जाऊन थांबला. बल्ब खालीच राहिला. डेटा थोडा चढला आणि मधेच थांबला. टॅक्सी जवळपास जिथून निघाली होती तिथेच परत आली, वर भर दुपारी ड्रायव्हर फोन करून विचारतो, कॅश है क्या भिया, आणि नाही म्हटलं की राइड कॅन्सल.

सध्या ही परीक्षा एआयची चालू आहे. २०२५ मध्ये एअरटेलवाल्यांना पर्प्लेक्सिटी प्रो वर्षभर फुकट, जिओवाल्यांना जेमिनी प्रो अठरा महिने, नोव्हेंबरपासून चॅटजीपीटी गो भारतात वर्षभर फुकट. यातही झालेलं आणि ठेवलेलं मिसळलंय, एका उत्तरामागचा खर्च दरवर्षी खरंच उतरतोय, पण तो शून्य नक्कीच नाही, आणि दोनशे डॉलरच्या महिन्याच्या प्लॅनवरही आपण तोट्यात आहोत हे चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयच्या सॅम ऑल्टमननी २०२५ च्या जानेवारीत स्वतःच सांगितलं होतं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अरे, फुकट देतायत तर घे ना, नाही कशाला म्हणायचं?" म्हटलं काकू, घ्या की, मी पण घेतलंय, दुसऱ्याचा फंड उडतोय तर आपण का उपाशी राहा. फक्त आपली सगळी कामं, मुलांचा अभ्यास, दुकानाचा हिशोब, पत्रं, त्या एकाच ॲपमध्ये नेऊन ठेवू नका. आणि घेताना कार्ड किंवा यूपीआय जोडायला लावलं असेल तर ऑटोपे आत्ताच बघून ठेवा, पैसे कापायच्या चोवीस तास आधी मेसेज यायलाच हवा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण तो मेसेज लोनच्या जाहिराती आणि ओटीपीच्या ढिगात कोण वाचतं.