ओउलांका नदी पूर्वेकडे वाहते, आणि तिथूनच सगळं सुरू होतं

फिनलंडच्या बहुतेक नद्या पश्चिमेला किंवा दक्षिणेला जाऊन बाल्टिकला मिळतात, पण ईशान्येला कूसामो भागात जमिनीचा उतार उलटा आहे. ओउलांका साल्लाच्या दलदलीत सुरू होते, आर्क्टिक वृत्ताच्या जरा खाली पाइन-स्प्रूसच्या जंगलातून पूर्वेला जाते, बॉर्डर ओलांडून रशियात पानायार्वी सरोवरात शिरते, तिथून पुढे प्याओझेरो सरोवर आणि मग कोव्दा नदीने थेट श्वेत समुद्र. प्याओझेरोपर्यंत धरली तर जेमतेम 135 किमी, म्हणजे नकाशावर पटकन सापडणारही नाही. पण हा उतार एकदा लक्षात घेतला की इथला इतिहास आपोआप उलगडतो, लाकूड, मासे, युद्ध, सगळंच.

आधी दगडाबद्दल, कारण मला यातलं तेच सगळ्यात आवडतं. किउताक्योंगास धबधब्याला नदी लालसर डोलोमाइटच्या (चुनखडीसारख्या खडकाच्या) कड्यांमधून जोरात खाली येते, आणि डोलोमाइटमुळे इथली माती चुनखडीयुक्त आहे. उत्तरेकडची जंगलं सहसा आम्लयुक्त, निकस जमिनीवर असतात, त्यामुळे इथे कॅलिप्सोसारखं नाजूक ऑर्किड उगवतं हे खरंच विशेष आहे. धबधब्याखाली मात्र नदीचा स्वभावच बदलतो. हिमयुगाच्या शेवटी वितळत्या बर्फाच्या पाण्याने दरीत वाळूचे थरच्या थर टाकले होते, आता नदी तीच वाळू कापत नागमोडी फिरते, एका काठाची दरड खाते नि समोर टाकते, जुनी वळणं तुटून तळी होतात. पुराच्या पाण्याने गाळ येऊन काठाला गवताळ कुरणं तयार झाली, आणि शेतीला फार थंड असलेल्या या भागात जनावरांना हिवाळ्यासाठी गवत तिथूनच मिळायचं, लोक उन्हाळ्यात कापून कोठारात भरून ठेवायचे.

पुढचं पानायार्वी म्हणजे खडकाच्या भेगेत साठलेलं पाणी, 24 किमी लांब, रुंदी साधारण एक-दीड किमी आणि खोली 128 मीटरपर्यंत! तिथे फिनिश गाव होतं. 1892 मध्ये चित्रकार आक्सेली गालेन-काल्लेला तिकडे गेला आणि जवळचा मॅन्त्यूकोस्की धबधबा त्याने रंगवला. इथले कापलेले ओंडके पण नदीत सोडून श्वेत समुद्राकडच्या कोव्दा गावाला करवत गिरण्यांसाठी पाठवायचे, उतारच तिकडे म्हटल्यावर दुसरीकडे कुठे जाणार.

मग फिनलंड-सोव्हिएत युद्ध. 1940 च्या मॉस्को तहात साल्ला आणि कूसामोचा पूर्वेकडचा भाग सोव्हिएत युनियनला गेला, त्यात पानायार्वीही. 1941 नंतर भाग फिनलंडला परत मिळाला, लोक परतले, आणि 1944 ला तो कायमचा गेला, म्हणजे त्याच माणसांना दोनदा घरदार सोडावं लागलं. नंतर तो सगळा पट्टा सोव्हिएत सीमाक्षेत्र झाला, वस्ती उरली नाही. जंगल जुनं राहिलं ते बऱ्याच अंशी यामुळे, पण ती किंमत कोणी मोजली हे विसरू नये असं मला वाटतं.

याच युद्धात फिनलंडने वीजकेंद्रंही गमावली, त्यामुळे विजेसाठी उत्तरेच्या नद्यांवर धरणं आली. केमियोकी नदीच्या मुखाशी 1949 ला इसोहाराचं धरण पूर्ण झालं आणि त्या मोठ्या नदीतला सॅमनचा प्रवासच बंद पडला. कूसामोच्या धबधब्यांवरही डोळा होताच. 1950 च्या दशकात लोक विरोधात उभे राहिले, स्थानिक पेपरचा संपादक रेइनो रिन्ने याने हा विषय लावून धरला, आणि इथे धरण झालं नाही. 1956 ला ओउलांका नॅशनल पार्क झालं, पुढे वाढवलं गेलं. रशियाच्या बाजूला पानायार्वी नॅशनल पार्क 1992 चं. खालच्या अंगाला मात्र 1960 च्या दशकात कोव्दा नदीवर कूमाचं धरण झालं नि प्याओझेरोची पातळी वाढली.

वरच्या भागात धरण नाही, म्हणून तिथे ट्राउट माशांचा रस्ता अजून मोकळा आहे. मासे प्याओझेरो-पानायार्वीत खाऊनपिऊन मोठे होतात आणि अंडी घालायला बॉर्डर ओलांडून फिनलंडच्या खळखळत्या पाण्यात येतात, ओउलांकात आणि तिला बॉर्डरच्या अलीकडे मिळणाऱ्या कित्का नदीत, पण कित्कात युरॅवॅ धबधब्यापर्यंतच, 9 मीटरची ती उडी त्यांना जमत नाही. त्यामुळे मासे वाचवायचे तर एका देशाने नियम करून भागत नाही. 2023 च्या शेवटी फिनलंडने पूर्वेकडच्या प्रवाशांसाठीच्या सगळ्या सीमा-चौक्या बंद केल्या, पण ट्राउट वाचवायची तर दोन्ही काठांना बोलावंच लागेल.