तिसरा रंग चिमूटभरच

मागच्या दिवाळीआधी हॉल रंगवायला काढला. हौसेने तीन रंग निवडले, ऑफव्हाइट, मोरपंखी आणि मोहरीसारखा पिवळा, आणि तिघांनाही सारखाच मान दिला, म्हणजे एक भिंत मोरपंखी, एक पिवळी, बाकी ऑफव्हाइट. शेडकार्डावर तिघं शेजारी शेजारी इतके गोड दिसत होते की विचारू नका, पण भिंतीवर आल्यावर पिवळा नुसता अंगावर यायला लागला. पेंटरकाका म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, कार्डावरचा रंग भिंतीवर चढतो, एक शेड हलकी घ्या."

काकांचं बरोबर होतं. तोच रंग मोठ्या जागेवर पसरला की डोळ्याला जास्त भडक वाटतो, डबा तोच असला तरी. म्हणूनच इंटिरियरवाले ६०-३०-१० म्हणतात. ६० टक्के मुख्य रंग, भिंती वगैरे, ३० टक्के दुसरा, पडदे नाहीतर सोफा, आणि १० टक्के तिसरा, उशांचे अभ्रे, एखादी फ्रेम, दिवा. हा काही लॅबमधून निघालेला नियम नाही, अंदाज आहे, टेप घेऊन मोजायला बसू नका.

आपल्याकडे हे साडीत कधीपासूनच आहे की. हिरवी पैठणी घ्या, अंग हिरवं, काठ लाल नाहीतर जांभळे, पदरावर जर आणि त्यात इवलेसे रंगीत मोर. आता हेच मोर अंगभर त्याच ठसठशीतपणे भरले तर नजर नक्की कुठे टेकवायची? तिसरा रंग उठून दिसतो तो थोडा असतो म्हणूनच.

पण रंग कसा दिसतो ते नुसतं तो किती आहे ह्यावर नाही, शेजारी कोण आहे ह्यावरही ठरतं, हे पॅरिसमध्ये एका तक्रारीतून सापडलं. तिथल्या गोबेलिन कारखान्यात भिंतीवर टांगायचे भारी विणीव पडदे बनायचे आणि १८२४ मध्ये रंगाईखात्यावर मिशेल शेव्हरल नावाचे केमिस्ट आले. तक्रार अशी की पडद्यावरच्या चित्रातल्या निळ्या-जांभळ्या कपड्यांच्या सावल्या विणायला जी काळी लोकर देता ती फिकी पडते, रंगाई कच्ची आहे. शेव्हरलनी ती लोकर दुसऱ्या नामांकित कारखान्यांच्या काळ्या लोकरीशी ताडून पाहिली. लोकरीत खोट काहीच नव्हती! काळ्याला शेजारचा निळा आणि जांभळा मारत होता. ह्यावर त्यांनी १८३९ मध्ये अख्खा ग्रंथ काढला. (माणूस १०२ वर्षं जगला, चिवट होता.)

झालं काय होतं, तर डोळा आणि मेंदू रंग सुटा वाचत नाहीत, शेजाऱ्याशी तुलना करून वाचतात. निळ्याच्या शेजारी राखाडी ठेवला तर त्यात किंचित नारिंगी झाक दिसते, लालच्या शेजारी तोच राखाडी हिरवट वाटतो. त्यामुळे तीन रंग निवडले म्हणजे नुसते तीन रंग नाहीत, तीन जोड्या झाल्या. पाच रंग घेतले की जोड्या दहा होतात आणि मग सांभाळत बसा.

डोळ्यात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या पेशी असतात म्हणून तीन रंग छान दिसतात, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पेशी तीन प्रकारच्या असतात हे खरं, पण त्यांचा खोलीत किती रंग शोभतात ह्याच्याशी काही संबंध नाही.

अजून एक गोष्ट बघायची, उजेड-अंधाराचा फरक. मोबाईलवर खोलीचा फोटो काढून ब्लॅक अँड व्हाइट करा. तिन्ही रंग एकाच राखाडीत बुडाले तर खोली सपाट दिसणार, मग शेड कितीही महाग असो.

आणि रंग ठरवायचा तर ज्या उजेडात वापरणार त्याच उजेडात ठरवा. ब्लाउजपीस मॅच करताना दुकानदार "जरा बाहेर उजेडात बघा ताई" म्हणतो त्यात शंभर टक्के विज्ञान आहे. दोन कापडांचे डाय वेगळे असले तर कधीकधी ट्यूबलाइटखाली जुळतात आणि उन्हात फारकत घेतात, कारण प्रत्येक दिव्याच्या प्रकाशात वेगवेगळ्या रंगांचं प्रमाण वेगळं असतं.

आमच्या पिवळ्या भिंतीवर शेवटी ऑफव्हाइटचे दोन हात मारले. अर्धा डबा पिवळा उरला होता, तो गॅलरीतल्या दोन कुंड्यांना लावला. आता सोफ्यावर बसलं की दारातून तेवढाच पिवळा दिसतो, आणि येणारा प्रत्येक जण आधी त्या कुंड्यांचंच विचारतो.