तरुण-पृथ्वीवाद आणि डायनासोर

तरुण-पृथ्वीवाद : पृथ्वी आणि तिच्यावरील सर्व जीव गेल्या सहा ते दहा हजार वर्षांत, सहा दिवसांत ईश्वराने निर्माण केले, असे मानणारे धार्मिक मत. त्याचे मुख्य घर अमेरिकेतील प्रॉटेस्टंट मूलतत्त्ववादी पंथांत आहे. २०१९ च्या गॅलप पाहणीत, देवाने माणसाला गेल्या दहा हजार वर्षांत आजच्याच रूपात घडवले, या विधानाला ४० टक्के अमेरिकनांनी होकार दिला होता. विज्ञानाच्या हिशेबाने पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे भरते. क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्कापाषाणातील शिशाच्या मोजणीवरून काढलेला आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

बायबलमध्ये पृथ्वीचे वय कुठेही लिहिलेले नाही. अमका इतक्या वर्षांचा असताना त्याला तमका मुलगा झाला, अशा वंशावळींची बेरीज करून ते काढावे लागते. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० मध्ये ही बेरीज करून सृष्टीचा आरंभ इ. स. पू. ४००४ च्या २३ ऑक्टोबरला नेऊन बसवला. १७०१ पासून हे साल इंग्रजी बायबलच्या समासात छापले जाऊ लागले आणि समासातला आकडा लोकांना मूळ वचनाइतकाच पवित्र वाटू लागला. ज्यू पंचांगातही सृष्टीपासून वर्षे मोजतात. तिथे आरंभ इ. स. पू. ३७६१ चा. पुणे कॅम्पातील लाल देवळात किंवा मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींच्या रास्ता पेठेतील सिनेगॉगमध्ये तीच कालगणना चालते. पण शालिवाहन शक लिहिणारा जसा त्यावरून इतिहासाचा आरंभ ठरवत नाही, तसे या सनावरून भूगर्भशास्त्राशी भांडण काढणारे ज्यू थोडेच.

हे मत पुरातन आहे, ही समजूत फारशी खरी नाही. एकोणिसाव्या शतकात बहुतेक शिकलेल्या धर्मोपदेशकांनी पृथ्वीचे मोठे वय मान्य केले होते. कुणी बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातील एकेक दिवस म्हणजे एकेक युग मानले, कुणी पहिल्या दोन ओळींमध्येच कोट्यवधी वर्षांची पोकळी कल्पिली. मूलतत्त्ववादाचा पाया ज्या पुस्तिकामालेने घातला (१९१०–१५), तिच्या काही लेखकांनाही पृथ्वी प्राचीन असण्यात अडचण दिसत नव्हती. १९२५ मध्ये टेनेसीतील डेटन गावी उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरला गेला. त्यात धर्माच्या बाजूने उभ्या राहिलेल्या विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी साक्षीत कबूल केले, की सृष्टीचे दिवस चोवीस तासांचेच असतील असे नाही. सहा हजार वर्षांचा हट्ट धरला तो सेव्हन्थ-डे अ‍ॅडव्हेंटिस्ट पंथाच्या जॉर्ज मॅक्रीडी प्राइस यांनी. सगळे खडक आणि जीवाश्म बायबलमधील नोहाच्या जलप्रलयातच साचले, हा त्यांचा सिद्धांत. १९६१ मध्ये जॉन व्हिटकॉम्ब हे धर्मशास्त्रज्ञ आणि हेन्री मॉरिस हे जलअभियंते यांनी तोच नव्या वेष्टनात मांडला आणि मग तो एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये पसरला. सरकारी शाळांत हे ‘सृष्टिविज्ञान’ शिकवण्याची सक्ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये घटनाबाह्य ठरवली.

डायनासोरांची अडचण

डायनासोर हा या मताच्या घशात अडकलेला घास. रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये या प्राण्यांना नाव दिले. पक्षी वगळता त्यांचा सारा वंश ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपला. पण लहान मुलांना डायनासोर इतके आवडतात, की ते नाकारून चालत नाही. म्हणून त्यांनाच तारवात, म्हणजे प्रलयातून जीव वाचवणाऱ्या नोहाच्या जहाजात, घ्यावे लागले. केंटकीमध्ये २००७ साली उघडलेल्या सृष्टिसंग्रहालयात माणसांची मुले आणि डायनासोर शेजारी शेजारी दाखवले आहेत, आणि त्याच संस्थेने २०१६ मध्ये उभारलेल्या भव्य तारवात डायनासोरांचेही पिंजरे आहेत. एवढे मोठे धूड मावले कसे, या प्रश्नाला उत्तर तयार असते : नोहाने पिल्ले घेतली. बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकात बेहेमोथ नावाचा प्राणी गंधसरूच्या झाडासारखी शेपटी हलवतो. तो डायनासोरच, असे सांगतात. टेक्सासमधील पॅलक्सी नदीच्या पात्रात डायनासोरांच्या पाउलखुणांजवळ माणसाच्या पावलांचे ठसे आहेत, हा दावा अनेक वर्षे चालला. ते ठसे झिजलेल्या डायनासोर-पावलांचे आणि काही तर मुद्दाम कोरलेले निघाले. १९८६ च्या सुमारास प्रचारकांनी स्वतःच त्यावरचा चित्रपट मागे घेतला.

२००५ मध्ये मेरी श्वाइट्झर यांना टायरॅनोसॉरसच्या मांडीच्या हाडात लवचीक ऊतींचे अवशेष सापडले. तरुण-पृथ्वीवाल्यांनी तो आपला पुरावा म्हणून उचलला. श्वाइट्झर स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती आहेत आणि हाडाच्या प्राचीनतेबद्दल त्यांना शंका नाही. कार्बनमापन चुकते, हा नेहमीचा आक्षेपही इथे लागू होत नाही. कार्बनची पद्धत साधारण पन्नास हजार वर्षांपलीकडे चालतच नाही. डायनासोरांच्या थरांचे वय अर्गॉन आणि युरेनियमच्या पद्धतींनी काढतात.

पुण्याचा कातळ

पुण्याच्या पायाखाली डायनासोर शोधू नयेत. इथे खाली आहे तो लाव्हा. शिवाजीनगरचे पाताळेश्वर लेणे ज्या काळ्या पाषाणात कोरले आहे तो, आणि सिंहगडाचा कडा, दोन्ही दख्खनच्या ज्वालामुखीची देणगी. आज पाच लाख चौरस किलोमीटर व्यापणारा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनासोरांच्या अखेरच्या काळात वाहिला. त्याच्या काठाकाठाने आणि खालच्या थरांत ते सापडतात. १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन यांना जबलपुरात हाडे मिळाली. महाराष्ट्रात चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे अजस्र टायटनोसॉरांचे अवशेष आणि दगड झालेली विष्ठाही आहे. त्याहून कितीतरी जुना बारापासॉरस टागोराय गोदावरीच्या खोऱ्यात मिळाला. ‘बारा’ म्हणजे बंगालीत मोठा, आणि टागोर म्हणजे कवी रवींद्रनाथ.

पण सहा हजार वर्षांचा दावा तपासायला हाडे लागतही नाहीत. पुण्याभोवतीच्या घाटांत रस्त्यासाठी डोंगर फोडला आहे तिथे काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये हातभर जाडीचा विटकरी पट्टा दिसतो. गाडी बाजूला घेऊन जवळ गेले तर तो नखाने उकरता येतो, बोट लाल होते. लाव्ह्याचा एक पूर आला, थिजला, ऊन-पावसाने त्याचा माथा कुजून माती झाली, मग त्या मातीवर दुसरा पूर आला, असे तो पट्टा सांगतो. मुंबईत वरळीला दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ आणि त्यात बेडकांचे जीवाश्म मिळाले. वर्षभराच्या जलप्रलयात हे सारे घडले असेल, तर दोन उद्रेकांच्या मध्ये तळी भरून त्यांत बेडूक केव्हा नांदले, याला उत्तर नाही. वाघोलीच्या खाणींत कातळाच्या पोकळ्यांतून जे निळे कॅव्हन्साइट आणि पांढरे झिओलाइट निघते, तेही लाव्हा थंडावल्यावर पाझरणाऱ्या गरम पाण्यातून सावकाश जमलेले.

तरुण-पृथ्वीवाले म्हणतात, की पूर्वी किरणोत्सर्ग फार वेगाने झाला म्हणून वये फुगलेली दिसतात. अमेरिकेतील त्यांच्याच संशोधकांनी १९९७ ते २००५ या काळात यावर प्रकल्प चालवला. कोट्यवधी वर्षांइतका किरणोत्सारी क्षय झालेला दिसतो हे त्यांनी मान्य केले, आणि तो इतक्या थोड्या काळात झाला असता तर निघालेली उष्णता कुठे गेली, हा प्रश्न सुटत नाही हेही लिहिले. हा हिशेब त्यांच्याच वहीतला आहे.

जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी बुद्रुक इथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीची. तिच्या वयावर अभ्यासकांत खडाजंगी झाली. कुणी सात लाखांच्या जवळ वर्षे सांगितली, कुणी त्याहून जास्त. सर्वांत कमी अंदाज सुमारे ७४ हजारांचा. वाद आहे तो इतका, पण भांडणाऱ्यांपैकी कुणीही सहा हजारांच्या जवळपास फिरकत नाही.

पुण्यातील रूप

पुण्यात ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या मोठ्या संस्था आहेत : नगर रस्त्यावरील कॅथलिक ज्ञानदीप, बिबवेवाडीचे प्रॉटेस्टंट युनियन बिब्लिकल सेमिनरी. कॅथलिक चर्चला उत्क्रांतीशी मोठे वैर नाही. माणसाच्या देहाच्या उत्क्रांतीवर संशोधन-चर्चा करायला पोप बारावे पायस यांनी १९५० मध्येच मुभा दिली, आणि १९९६ मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी हा सिद्धांत केवळ कल्पना राहिलेला नाही, असे म्हटले.

बाकीच्या पुण्यात सहा हजारांचा आकडा हास्यास्पद वाटतो, कारण घरोघरी सत्यनारायणाच्या संकल्पात ‘श्वेतवाराहकल्पे वैवस्वतमन्वन्तरे’ म्हटले जाते. पुराणांचा कल्प ४३२ कोटी वर्षांचा. तो ४५४ च्या आसपास आहे, म्हणून ऋषींना पृथ्वीचे वय ठाऊक होते, असे अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात. पण त्याच गणिताने चालू कल्पाची फक्त सुमारे १९७ कोटी वर्षे उलटली आहेत, आणि त्यांत मनू पहिल्यापासून हजर. म्हणजे डायनासोरांच्या काळी माणूस होताच, हा केंटकीचा निष्कर्ष इथे मोठ्या आकड्यातून निघतो. ग्रंथातून जुळणारा आकडा उचलायचा आणि न जुळणारा सोडायचा, ही सवय दोन्हीकडे सारखीच. तुर्की प्रचारक हारून याह्याची जात तिसरी : त्याला पृथ्वी कोट्यवधी वर्षांची मान्य होती, उत्क्रांती नव्हती.

२०१९ च्या जालंधरच्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका भूशास्त्रज्ञाने डायनासोरांचा पहिला शोध ब्रह्मदेवाने लावल्याचे सांगितले. त्याच्या आदल्या वर्षी तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री आणि एके काळचे पुण्याचे पोलीस आयुक्त सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादम्यांनी निवेदन काढून त्याला विरोध केला. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि धड्यात उरली ती आनुवंशिकता. महाराष्ट्र मंडळाच्या २०१८ पासूनच्या दहावीच्या विज्ञान भाग दोनमध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’. सीबीएसईत उत्क्रांती बारावीच्या जीवशास्त्रात आहे. तो विषय न घेणाऱ्या मुलाची तिच्याशी गाठ पडत नाही.